रात्र रेल्वेची, सकाळ बाइकची!

कचारगडला जायचंय, गाडी स्वतःचीच हवी, पण नऊशे किलोमीटर हाणायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. मग गाडीलाच रेल्वेत बसवलं तर? जमतं का? किती पडतं? आणि मुळात गरज आहे का?

तुमच्या ग्रुपवर हा वाद एकदा तरी झालाच असेल. एक जण म्हणतो, 'बाइकनेच जायचं, रोड ट्रिपशिवाय मजा काय?' दुसरा म्हणतो, 'ट्रेनचं तिकीट काढ, गप झोप.' तिसरा मध्येच पिल्लू सोडतो, 'अरे, बाइक ट्रेनमध्ये टाकता येते ना!' त्यावर सगळे थम्स-अप देतात आणि पुढे कुणीच काही करत नाही.

या तिसऱ्याचं म्हणणं जरा सीरियसली घेऊ. त्यासाठी ठिकाणही तसंच लांबचं निवडलंय, कचारगड. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात. पलीकडे लगेच छत्तीसगड. मुंबई-पुण्याकडून निघालात तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापूनच इथे पोहोचता येतं.

आधी कचारगड समजून घ्या

कचारगड म्हणजे डोंगरातल्या भल्यामोठ्या नैसर्गिक गुहा आणि भोवती दाट जंगल. पण ही फक्त ट्रेकची जागा नाही. गोंड समाजासाठी हे मूळस्थान आहे. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड, माता काली कंकाली यांच्या कथा या गुहेशी जोडलेल्या आहेत. कोया पुनेम म्हणजे गोंडांची धर्मपरंपरा मानणारे लोक दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे यात्रेला येतात. विदर्भातून तर येतातच, शिवाय छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशातूनही लाखोंनी येतात. पायथ्याच्या धनेगावातून मंडळी वर चढतात.

आता नकाशा बघा. गोंदिया रेल्वे स्टेशनपासून कचारगड साधारण ५५ किलोमीटर. पण मुंबई-हावडा मार्गावरचं सालेकसा स्टेशन फक्त ७ किलोमीटरवर आहे! त्याच्या पुढचंच दरेकसा स्टेशनही याच डोंगररांगेत. म्हणजे देशातल्या एका सर्वात वर्दळीच्या रेल्वेमार्गाच्या अगदी काखेत ही गुहा आहे. हे ५५ आणि ७ चं गणित लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाइकने थेट गेलात तर...

पुणे किंवा मुंबई ते कचारगड हे अंतर ढोबळमानाने नऊशे किलोमीटर धरा. सातशेच्या आसपास नागपूरपर्यंत आणि तिथून आणखी दोनेकशे. बाइकचं ॲव्हरेज ४५ असेल तर २० लिटर पेट्रोल, म्हणजे एका बाजूचे दोन हजारांहून जास्त. पैशाचं एक वेळ जमवाल. खरा प्रश्न वेळेचा आहे. थांबे, जेवण, ट्रॅफिक धरून ताशी ५० ची सरासरी पडली तरी १८ तास होतात.

'पण आता समृद्धी आहे ना!' आहे. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा उघडल्यावर पूर्ण झाला. फक्त एक अडचण आहे. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. तुमची बाइक कितीही सीसीची असो, तुम्हाला जुन्याच रस्त्याने, म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत जायचंय. धुळ्यापासून पुढे ट्रकांच्या रांगांमधून.

कार असेल तर समृद्धी खुला आहे. पूर्ण अंतराचा टोल दीड हजारांच्या घरात आणि पेट्रोल सहा हजारांच्या पुढे. चौघांनी वाटून घेतलं तर एका बाजूचे माणशी दोनेक हजार. वेळ वाचतो हे खरं. पण सरळसोट रस्त्याचा स्वतःचा एक धोका असतो. वळण नाही, सिग्नल नाही, समोर तासन् तास तेच काँक्रीट. डोळे उघडे असतात, पण मेंदू पेंगतो. याला 'हायवे हिप्नोसिस' म्हणतात. गाडी चालते आहे, चालवणारा मात्र तिथे नाही!

१ जुलै २०२३ ची रात्र आठवून बघा. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. वेळ होती रात्री दीडच्या सुमाराची.

रात्र नेमकी कुठे मारते?

'मला रात्री झोप येतच नाही, मी नाइट आउल आहे', असं म्हणणारे प्रत्येक कॉलेजात असतात. हॉस्टेलच्या खोलीत सिरीज बघत जागणं वेगळं आणि ताशी ८० च्या वेगात जागणं वेगळं. शरीराचं घड्याळ रात्री साधारण दोन ते पाच या वेळात सर्वात खाली आलेलं असतं. तुम्ही ठरवा किंवा ठरवू नका, त्या वेळात काही सेकंदांच्या डुलक्या लागू शकतात. ताशी ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडी आपली आपणच चाललेली असते.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास मांडला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं, असं त्यात दिसलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. आता हिशोब करा. सकाळी सातला उठलात, दिवसभर कॉलेज, प्रॅक्टिकल केलंत आणि रात्री नऊला 'ट्रॅफिक नसतं' म्हणून निघालात. बारा वाजता तुमचे १७ तास भरतात. थेंबभरही न पिता तुम्ही कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवताय. फरक इतकाच, की हे पकडणारं मशीन कुठल्याही नाक्यावर नाही.

आणि नागपूर ओलांडलं की आणखी एक गोष्ट सुरू होते. भंडारा, साकोली, देवरीकडे जाणारा हायवे नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलपट्ट्यातून जातो. इथले प्राणी रात्रीच रस्ता ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात रात्री कारची धडक बसून एक वाघ मेला. हरीण किंवा रानडुक्कर आडवं आलं तर बाइकवाल्याचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. इथे रात्री गाडी चालवणं हा फक्त तुमच्याच जिवाशी खेळ नसतो.

म्हणून रात्र रेल्वेकडे सोपवायची, ही कल्पना आळशीपणाची नाही, चांगलीच शहाणपणाची आहे.

कार रेल्वेत चढते का? हो, पण...

अख्खी कार रेल्वेवर चढवून आपणही त्याच गाडीने जायचं, हा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक वाघिणींवर चढवून नेते. त्याला 'रो-रो' म्हणतात. गाडी चाकांवर चालतच चढते आणि चालतच उतरते. ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर हीच सोय खासगी कारसाठी सुरू झाली. रायगडमधलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, नंतर मध्ये सिंधुदुर्गातलं नांदगावही जोडलं गेलं. संध्याकाळी पाचला निघायचं, पहाटे पाचला पोहोचायचं. एका गाडीवर ४० कार. कार चढवून हँडब्रेक ओढायचा, लॉक करायची आणि आपण जोडलेल्या प्रवासी डब्यात जाऊन बसायचं. कारमध्ये बसून प्रवास करायला परवानगी नाही.

भाडं? २०२५ मध्ये कोलाड ते वेर्णा एका कारचे ७,८७५ रुपये होते. एका कारमागे जास्तीत जास्त तिघे, त्यांचं तिकीट वेगळं. थर्ड एसीला ९३५, बसायच्या जागेला १९० रुपये होते. म्हणजे तिघांची एक बाजू साधारण साडेआठ ते पावणेअकरा हजारांत. हेच अंतर कार चालवत गेलात तर पेट्रोल तीनेक हजारांचं. त्यात मुंबईहून कोलाडपर्यंतचे शंभरावर किलोमीटर स्वतःच चालवायचे आणि गाडी सुटण्याच्या तीन तास आधी हजर राहायचं. कल्पना छान, पण तिला प्रतिसाद थंड का मिळाला हे आकडेच सांगतात.

परदेशात हे चालतं का? अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफर्डला रोज संध्याकाळी 'ऑटो ट्रेन' सुटते. पुढच्या डब्यांत प्रवासी झोपलेले, मागच्या बंद डब्यांत त्यांच्या कार. अंतर जवळपास १,३७५ किलोमीटर. १९७१ मध्ये एका खासगी कंपनीने ती सुरू केली, दहा वर्षांत कंपनी बुडाली. १९८३ पासून सरकारी पाठबळ असलेली ॲमट्रॅक ती चालवते आणि आजही ती चालू आहे. ऑस्ट्रियाच्या काही रात्रगाड्या अजूनही कार नेतात. जर्मनीच्या रेल्वेने मात्र २०१६ पर्यंत ही सेवा गुंडाळली. थोडक्यात, अंतर खूप मोठं असेल, पलीकडे गेल्यावर बरेच दिवस गाडी लागणार असेल, तरच हे परवडतं.

गंमत बघा. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याची हद्द न ओलांडता साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर धावते. म्हणजे अमेरिकेतल्या त्या ऑटो ट्रेनइतकंच अंतर आपल्या एका राज्यात आहे! पण या मार्गावर तुमची कार सोबत नेणारी गाडी नाही. जुन्या प्रवासी डब्यांत बदल करून रेल्वे कार नेते खरी, पण त्या कारखान्यातून शोरूमकडे निघालेल्या कोऱ्या कार असतात. तुमची-माझी नाही.

बाइकचं मात्र जमतं

कॉलेजातल्या पोरांकडे कार असते कुठे? प्रश्न बाइकचाच. आणि बाइक रेल्वेने नेता येते, ही सोय फार जुनी आहे.

पद्धती दोन. पहिली लगेजची. तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट आहे आणि बाइक त्याच गाडीच्या लगेज डब्यातून जाते. दुसरी पार्सलची. तुम्ही जा किंवा जाऊ नका, बाइक जागा मिळेल त्या गाडीने जाते, तुमच्या आधी किंवा नंतर पोहोचते. सोबतच हवी असेल तर 'लगेज' असं स्पष्ट सांगून बुकिंग करा. घाईत पार्सल केलीत आणि तुम्ही गोंदियात, बाइक नागपुरात, अशी वेळ यायला नको.

काम चालतं ते स्टेशनच्या पार्सल ऑफिसात. आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. बाइकला गोणपाट, पुठ्ठा बांधून पॅक करावी लागते. आरसे आधीच काढून बॅगेत टाका. कुठून कुठे जाणार, हे ठळक लिहिलेली पाटी बाइकवर हवी. फॉर्मवर बाइकची किंमत लिहावी लागते. ही जागा रिकामी सोडायची नाही. किंमत जाहीर करून त्याचा जादा आकार भरला नाही आणि काही झालं, तर भरपाई वजनाच्या हिशोबाने मिळते. दीडशे किलोची बाइक रद्दीच्या भावात मोजली जाईल! शेवटी पावती मिळते. पलीकडे बाइक सोडवायला तीच लागते, तिचा फोटोही काढून ठेवा.

दोन अडचणी कुणी सांगत नाही. एक, बऱ्याच गाड्यांच्या लगेज डब्यातली जागा ठेकेदारांना भाड्याने दिलेली असते. त्यामुळे आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन विचारल्याशिवाय काहीही गृहीत धरू नका. दोन, छोट्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात बाइक उतरत नाही.

आता ते ५५ आणि ७ चं गणित आठवा. तुम्ही स्वतः पॅसेंजरने सालेकशाला उतरू शकता, गुहा ७ किलोमीटरवर. बाइक मात्र गोंदियासारख्या मोठ्या स्टेशनवरच उतरणार, तिथून ५५ किलोमीटर चालवायची. तीही रिकाम्या टाकीने, म्हणजे आधी पंपापर्यंत ढकलत!

मग करायचं काय?

खरं सांगायचं तर फक्त कचारगड बघून परत यायचं असेल, तर बाइक घरीच ठेवा. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, सकाळी नागपूर आणि दुपारच्या सुमारास गोंदिया. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस रात्री मिळते, पण गोंदियाला पोहोचेपर्यंत दुसरी संध्याकाळ होते. अशा वेळी रात्री जंगलाकडे न निघता गोंदियात मुक्काम करा. दुर्गच्या दिशेने जाणाऱ्या मेमू-पॅसेंजर सालेकसा, दरेकसा घेतात. त्यांची वेळ निघण्याआधीच तपासा, कारण चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघत बसावं लागतं. सालेकशाहून पुढे ऑटो किंवा काळी-पिवळी बघायची. स्लीपरचं तिकीट हजाराच्या बरंच आत येतं. यात्रेच्या दिवसांत तर स्वतःची गाडी म्हणजे डोक्याला तापच. लाखोंच्या गर्दीत ती लावायची कुठे?

गोंदिया जिल्हा नीट फिरायचा असेल, म्हणजे कचारगड, हाजरा फॉल, नवेगाव बांध, नागझिरा असे चार-पाच दिवस, तर दुचाकी हवीच. इथे एसटी सगळीकडे हवी तेव्हा मिळत नाही. तेव्हाही स्वतःचीच बाइक हवी का, हे विचारा. नागपुरात भाड्याने मिळते. फक्त नंबर प्लेट बघा. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी 'ओळखीने' भाड्याने देत असेल तर नको म्हणा. अपघात झाला तर विम्याचं घोंगडं तुमच्याच गळ्यात पडेल.

आणि नागपूर, गोंदियाला शिकायला किंवा इंटर्नशिपला महिनोन् महिने राहणार असाल, तर बाइक रेल्वेने न्याच. एका खेपेचा त्रास, पुढे सगळा काळ फायदा. पार्सलची खरी मजा इथे आहे, वीकेंड ट्रिपमध्ये नाही.

राहिला प्रश्न रोड ट्रिपचा. ती करूच नका, असं कोण म्हणतंय? जरूर करा. फक्त दिवसा करा. दोन दिवसांत तोडा, अकोला किंवा अमरावतीला मुक्काम करा. मुक्कामाचे जे हजार-बाराशे जातात, ते खर्चाच्या वहीत सगळ्यात वर लिहा. ग्रुपमध्ये एक जण नेहमी म्हणतो, 'रात्रीच मारू, लॉजचे पैसे वाचतील.' त्याला १७ तासांचा हिशोब दाखवा. तो ऐकत नसेल तर त्याच्या मागे बसू नका. दोस्ती तुटत नाही त्याने.

कचारगडला चढून जाणारे कितीतरी लोक पॅसेंजरने, टेम्पोने, पायी येतात. काही जण तर दोन-दोन दिवसांचा प्रवास करून. ते कशाने आले, हे तिथे कुणी विचारत नाही. तुम्हालाही कुणी विचारणार नाही. गुहेत चपला काढा, पूजेच्या जागी रील करू नका, कचरा सोबत परत आणा. एवढं केलंत तरी तुम्ही नीट पोहोचलात असं समजा.

निघण्याआधी हे बघा

- आज सकाळी किती वाजता उठलात? तिथून १७ तास मोजा. त्यानंतर स्टिअरिंग किंवा हँडल हातात नको.
- रात्री दोन ते पाच गाडी उभी. ढाबा, पंप, लॉज, काहीही चालेल.
- दर दोन तासांनी थांबा. डोळे जड झाले तर चहाच्या जोडीला २० मिनिटांची झोप घ्या. नुसता चहा पुरत नाही.
- बाइक रेल्वेने न्यायची असेल तर आदल्या दिवशी पार्सल ऑफिस गाठा. लगेज की पार्सल, कोणती गाडी, कोणतं स्टेशन, तिन्ही गोष्टी विचारा.
- आरसीवर दुसऱ्याचं नाव असेल तर आणखी कोणते कागद लागतील, तेही तिथेच विचारून घ्या.
- बाइक पोहोचली की लगेच सोडवा. ठरलेल्या वेळेनंतर ठेवल्याचे पैसे तासाच्या हिशोबाने चढतात.
- नागपूरच्या पुढे जंगलपट्ट्यात वेग कमी, अंधार पडायच्या आत मुक्कामी.